नाशिक ते नागपूर विमानाने: अंतर किती, वेळ किती आणि तुमच्या धंद्याला परवडतं का?



"सर, विमानाने गेलो तर दीड तासात नागपूर. मग गाडीने आठ तास कशाला घालवायचे?" असं बरेच जण विचारतात. प्रश्न रास्त आहे, पण त्यातले दोन आकडे एका मापाचे नाहीत. दीड तास हा विमानाचा वेळ आहे आणि आठ तास हा तुमचा वेळ आहे. एक मीटरमध्ये आणि एक फुटात मोजून तुलना केली तर हिशोब चुकणारच.

आजच्या धड्यात आपण हे नीट मोजायला शिकू. उदाहरण नाशिक-नागपूरचं घेऊ. एकीकडे ओझरचा विमानतळ, दुसरीकडे सोनेगावचा. मधे समृद्धी महामार्ग आहे आणि रात्रीच्या रेल्वेगाड्याही आहेत. तिन्ही पर्याय खरे असल्यामुळे शिकायला हा मार्ग उत्तम. वही-पेन घ्या आणि व्हिडिओत केलेलं गणित इथे शांतपणे पुन्हा करा.

आपलं उदाहरण

समजा, अंबड एमआयडीसीत तुमचं छोटं वर्कशॉप आहे. नागपूरला हिंगणा एमआयडीसीतल्या एका कंपनीने तुम्हाला सॅम्पल घेऊन बोलावलंय. मीटिंग सकाळी ११ ला. सॅम्पल पसंत पडलं तर ट्रायल ऑर्डर, ट्रायल चांगली गेली तर दर महिन्याचं काम. तुमच्यासारखे आणखी दोन सप्लायर रांगेत आहेत. म्हणजे उशीर चालणार नाही, थकून जाणं चालणार नाही आणि पहिल्याच भेटीवर दहा-बारा हजार उडवणंही परवडणार नाही.

पायरी १: हवाई अंतर स्वतः काढा

दोन विमानतळांमधलं हवाई अंतर म्हणजे पृथ्वीच्या पाठीवरून मोजलेलं सगळ्यात जवळचं अंतर. मोबाइलवर ते एका मिनिटात मिळतं. पण एकदा हाताने काढून बघा, म्हणजे कुठलाही आकडा समोर आला तरी तो बरोबर वाटतो की नाही, हे तुम्हाला कळेल.

ओझर विमानतळ साधारण २०.१२ अंश उत्तर अक्षांश आणि ७३.९१ अंश पूर्व रेखांशावर आहे. नागपूर विमानतळ २१.०९ उत्तर आणि ७९.०५ पूर्व.

- उत्तर-दक्षिण फरक ०.९७ अंश. एक अंश अक्षांश म्हणजे सुमारे १११ किमी. म्हणून ०.९७ × १११ = १०८ किमी.
- पूर्व-पश्चिम फरक ५.१४ अंश. रेखांश ध्रुवाकडे जवळ जवळ येत जातात. त्यामुळे आपल्या भागात एक अंश रेखांश सुमारे १०४ किमीच भरतो. म्हणून ५.१४ × १०४ = ५३५ किमी.

आता शाळेतला पायथागोरस आठवा. १०८ चा वर्ग अधिक ५३५ चा वर्ग आणि त्याचं वर्गमूळ. उत्तर येतं सुमारे ५४६ किमी. विमानवाले अंतर सागरी मैलात मोजतात. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किमी, म्हणजे हे अंतर सुमारे २९५ सागरी मैल झालं.

समृद्धीवरून गेलात तर नाशिकहून सिन्नरजवळ महामार्गाला लागून नागपूर शहरात पोहोचेपर्यंत ६०० ते ६२० किमी होतात. रेल्वेने नाशिक रोड ते नागपूर सुमारे ६५० किमी. म्हणजे विमानाने अंतर काही निम्मं होत नाही. रस्त्याच्या तुलनेत जेमतेम ५५ ते ७५ किमी वाचतात. विमान वाचवतं ते वेगामुळे. आणि वेगाचा फायदा फक्त हवेत असताना मिळतो, हे लक्षात ठेवा. पुढचं सगळं गणित यावरच उभं आहे.

पायरी २: विमानाचा वेळ

छोट्या शहरांच्या मार्गांवर बरेचदा एटीआर ७२ हे पंख्यांचं विमान असतं. त्याचा वेग ताशी सुमारे ५०० किमी धरा. एअरबस ए३२० सारखं जेट ताशी ८०० च्या आसपास जातं.

एटीआर: ५४६ ÷ ५०० = सुमारे ६६ मिनिटं. पण विमान गेटवरून निघाल्याबरोबर पूर्ण वेगात नसतं. धावपट्टीपर्यंत जाणं, चढणं, उतरताना रांगेत थांबणं, पुन्हा पार्किंगपर्यंत येणं यात साधारण ३० मिनिटं जातात. एकूण सुमारे ९५ मिनिटं, म्हणजे १ तास ३५ मिनिटं.

जेट: ५४६ ÷ ८०० = सुमारे ४१ मिनिटं. अधिक ३०, म्हणजे ७१ मिनिटं.

तिकिटावर सुटण्याची आणि पोहोचण्याची जी वेळ छापलेली असते, ती अशी सगळं धरून असते. विमान जागेवरून हलल्यापासून दुसरीकडे जागेवर उभं राहीपर्यंतच्या वेळेला 'ब्लॉक टाइम' म्हणतात.

जाताना आणि येताना वेळ वेगळी का दिसते, हाही नेहमीचा प्रश्न. कारण वारा. हिवाळ्यात आपल्याकडे उंचावर वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. समजा तो ताशी ४० किमीचा आहे. नागपूरकडे जाताना एटीआरचा जमिनीच्या हिशोबाने वेग ५४० होतो आणि हवेतला वेळ ६१ मिनिटं लागतो. परतताना तोच वेग ४६० होतो आणि ७१ मिनिटं लागतात. अंतर तेच, दहा मिनिटांचा फरक.

पायरी ३: दारापासून दारापर्यंत मोजा

आता विमान बाजूला ठेवा आणि स्वतःला मोजा. अंबडच्या वर्कशॉपला कुलूप लावल्यापासून हिंगण्याच्या कंपनीच्या गेटवर नाव लिहीपर्यंत:

- अंबड ते ओझर विमानतळ: ६० मिनिटं
- सुटण्याच्या वेळेआधी पोहोचणं, चेक-इन, सुरक्षा तपासणी: ९० मिनिटं
- विमान: ९५ मिनिटं
- उतरणं, सामान घेणं, बाहेर येणं: ३० मिनिटं
- नागपूर विमानतळ ते हिंगणा: ४० मिनिटं

एकूण ३१५ मिनिटं, म्हणजे ५ तास १५ मिनिटं.

५४६ किमीला सव्वापाच तास म्हणजे तुमचा खरा वेग ताशी १०४ किमी. समृद्धीवर कारला वेगमर्यादाच १२० आहे! अर्थात कारही सरासरी तेवढी देत नाही. ६२० किमीला शहरातली वाहतूक, चहा-जेवणाचे थांबे धरून ८ तास लागतात असं मानू.

म्हणजे विमानाने वाचले पावणेतीन तास. सुरुवातीच्या प्रश्नात साडेसहा तास वाचत होते. आणि एटीआरऐवजी जेट मिळालं तर? आणखी फक्त २४-२५ मिनिटं. विमान कितीही वेगवान असो, बाकीच्या २२० मिनिटांना ते हात लावू शकत नाही.

पायरी ४: वेळेचाही 'ब्रेक-इव्हन' असतो

स्थिर खर्च आणि बदलता खर्च आपण आधीच्या धड्यांत शिकलो आहोत. दुकानाचं भाडं विक्री शून्य असली तरी द्यावं लागतं. विमानप्रवासाचंही तसंच आहे. विमानतळाच्या आगेमागेची २२० मिनिटं आणि चढण्या-उतरण्याची ३० मिनिटं मिळून २५० मिनिटं हे तुमचं 'भाडं'. एक किलोमीटरही पुढे न सरकता ते भरावं लागतं.

त्यानंतर हवाई अंतराच्या दर १०० किमीला विमान १२ मिनिटं घेतं. तेवढ्याच अंतराला कार, रस्त्याचा वळसा धरून, सुमारे ८८ मिनिटं घेते. म्हणजे दर १०० किमीला विमान ७६ मिनिटं वाचवतं.

२५० ÷ ७६ = ३.२९. म्हणजे सुमारे ३३० किमी.

चांगला महामार्ग असेल तर हवाई अंतर ३३० किमीच्या आत असताना विमान वेळ वाचवत नाही. त्याच्या पुढे वाचवू लागतं. पडताळा म्हणून नाशिक-पुणे बघा. हवाई अंतर सुमारे १७१ किमी. विमानाने दारापासून दारापर्यंत साडेचार तास होतील, आणि तेवढ्या वेळात गाडीने माणूस पुण्यात पोहोचलेला असतो.

हा आकडा पाठ करू नका. तुमचं घर विमानतळापासून किती लांब, रस्ता कसा, यावर तो बदलतो. पद्धत पाठ करा.

पायरी ५: थेट विमान नसेल तर

छोट्या विमानतळांची खरी अडचण अंतराची नाही, वेळापत्रकाची आहे. मोठ्या शहरांमध्ये दिवसाला अनेक विमानं असतात. इथे एखादंच असतं, काही मार्गांवर आठवड्यातले ठरावीक दिवसच. हंगाम बदलला की वेळापत्रक बदलतं, मार्ग बंदही होतो.

समजा थेट विमान नाही आणि वेबसाइट तुम्हाला हैदराबादमार्गे तिकीट दाखवतेय. नाशिक-हैदराबाद हवाई अंतर सुमारे ५७३ किमी, हैदराबाद-नागपूर सुमारे ४३२. एकूण १,००५ किमी. थेट अंतराच्या जवळजवळ दुप्पट! वेळ बघा: पहिलं विमान १०० मिनिटं, मधला थांबा १२० मिनिटं, दुसरं विमान ८२ मिनिटं. त्यात आगेमागेची २२० मिनिटं मिळवा. ८ तास ४२ मिनिटं झाली. कार आठ तासांत पोहोचली होती.

म्हणून तिकीट शोधताना आधी 'नॉनस्टॉप' हा पर्याय लावा, मग भाडं बघा.

पायरी ६: पैशाचा हिशोब

खालचे आकडे उदाहरणासाठी धरलेले आहेत. तुम्ही तुमच्या दिवशीचे भरा. सगळं एका बाजूच्या प्रवासाचं आहे.

विमान: तिकीट ४,००० रुपये, ओझरपर्यंतची टॅक्सी ८००, नागपुरातली ५००. एक माणूस: ५,३००. दोन: ९,३००. तीन: १३,३००.

स्वतःची कार: ६२० किमी, लिटरला १६ किमी, इंधन सुमारे ४,०५० रुपये. टोल १,२००. टायर, सर्व्हिसिंग, झीज किमीला २ रुपये म्हणजे १,२४०. खाणंपिणं माणशी ३००. एक माणूस: ६,७९०. दोन: ७,०९०. तीन: ७,३९०.

रेल्वे, थ्री एसी: तिकीट १,१०० आणि दोन्हीकडची रिक्षा ५००. एक माणूस: १,६००.

एकट्याने कार नेणं हे विमानापेक्षाही महाग पडलं. अनेकांना हे पटत नाही, कारण ते फक्त डिझेल-पेट्रोल मोजतात. टोल फास्टॅगमधून कापला जातो म्हणून डोळ्याला दिसत नाही, आणि झीज तर बिल हातात पडेपर्यंत दिसतच नाही.

दोन माणसं असतील तर विमान कारपेक्षा २,२१० रुपये महाग. वाचलेले तास: प्रत्येकी पावणेतीन, दोघांचे साडेपाच. म्हणजे वाचलेल्या एका तासाची किंमत सुमारे ४०२ रुपये. तीन माणसांसाठी हाच आकडा ७१६ वर जातो.

आता तुमच्या तासाची किंमत काढा. महिन्याला धंद्यातून तुमच्या हाती ६०,००० रुपये राहत असतील आणि तुम्ही २५ दिवस रोज ८ तास काम करत असाल, तर २०० तास. एक तास ३०० रुपयांचा. तीनशेचा तास वाचवायला चारशे दोन रुपये द्यायचे का? साध्या दिवशी नाही. पण त्या तासात एखादं महत्त्वाचं काम पूर्ण होणार असेल तर नक्की द्या. निर्णय तुमचा, फक्त तो आकड्यासकट घ्या.

पायरी ७: कामाचे किती तास बुडतात ते मोजा

सगळे तास सारखे नसतात. दुपारी १२ चा तास आणि रात्री २ चा तास, दोन्ही घड्याळात साठ मिनिटांचेच. पण धंद्याच्या वहीत एकाची किंमत तीनशे आणि दुसऱ्याची जवळजवळ शून्य.

समजा विमान सकाळी ११ ला सुटतं. मग तुम्ही साडेआठला निघणार आणि पावणेदोनला हिंगण्यात पोहोचणार. मीटिंग ११ ला आहे. म्हणजे आदल्या दिवशी जावं लागेल. आदल्या दिवसाचं काम गेलं, वर हॉटेलचे १,८०० गेले. ५,३०० चा प्रवास ७,१०० चा झाला.

रेल्वेला दारापासून दारापर्यंत ११ तास लागतात, पण ते रात्रीचे. वर्कशॉप बंद करून निघा, जेवून झोपा, सकाळी नागपुरात उतरा, आंघोळ-नाश्ता करून ११ ला कंपनीत हजर. कामाचे तास बुडाले जवळपास शून्य. खर्च १,६०० आणि स्टेशनवर आवरायला दोन-तीनशे.

आपल्या उदाहरणातल्या माणसाला माझा सल्ला असा: जाताना रात्रीची गाडी. तीही अशी निवडा की मीटिंगच्या किमान तीन तास आधी पोहोचेल, म्हणजे उशीर झाला तरी पोटात गोळा येणार नाही. परतीला त्या संध्याकाळी थेट विमान रास्त दरात मिळालं तर विमान, नाहीतर पुन्हा रात्रीची गाडी. मोठी ऑर्डर मिळाली आणि दुसऱ्याच दिवशी काम सुरू करायचं असेल, तेव्हा विमानाचे पैसे वसूल होतात. तीन-चार जण आणि अवजड सॅम्पल असेल तर समृद्धी. फक्त ड्रायव्हर ताजातवाना हवा. रात्रभर स्वतः गाडी हाकून सकाळी भाव ठरवायला बसू नका.

सॅम्पल नेताना

- हवाई मालवाहतुकीत वजन दोन प्रकारे मोजतात: काट्यावरचं आणि आकारमानाचं. जे जास्त त्यावर पैसे. आकारमानाचं वजन काढायला लांबी × रुंदी × उंची सेंटीमीटरमध्ये गुणा आणि ६,००० ने भागा. ६० × ४० × ४० चा खोका १६ किलोचा ठरतो, आत माल ९ किलोचा असला तरी. कुरिअर कंपन्या बरेचदा ५,००० ने भागतात, मग तोच १९.२ किलो होतो. खोका लहान करणं म्हणजे थेट पैसे वाचवणं.
- स्क्रू ड्रायव्हर, पाने, कटर अशी हत्यारं हातातल्या बॅगेत चालत नाहीत. चेक-इन बॅगेत टाका.
- पॉवर बँक आणि सुट्या लिथियम बॅटऱ्या याच्या उलट: चेक-इनमध्ये चालत नाहीत, हातातल्या बॅगेतच ठेवा.
- थिनर, पेट्रोल यांसारखी पेट घेणारी रसायनं कुठल्याच बॅगेत नेता येत नाहीत.

जीएसटी विसरू नका

इकॉनॉमी वर्गाच्या तिकिटावर ५ टक्के जीएसटी असतो. तुम्ही नियमित जीएसटी नोंदणीधारक असाल आणि प्रवास धंद्यासाठी असेल, तर तिकीट काढतानाच तुमचा जीएसटी क्रमांक भरा. नंतर विमान कंपनीच्या वेबसाइटवरून टॅक्स इन्व्हॉइस उतरवून घ्या. तिकिटाची पीडीएफ म्हणजे इन्व्हॉइस नव्हे. कंपोझिशन योजनेत असाल तर हे क्रेडिट मिळत नाही.

एका विमानाच्या भरवशावर धंदा उभा करू नका

केंद्र सरकारने २०१६ मध्ये उडान योजना आणली. छोटी शहरं जोडायची आणि सुमारे तासाभराच्या, ५०० किमीच्या प्रवासासाठी काही जागांचं भाडं २,५०० रुपयांच्या मर्यादेत ठेवायचं, ही कल्पना. २७ एप्रिल २०१७ ला पहिली विमानं सुटली. शिमला-दिल्लीसोबत आपल्या नांदेडहून हैदराबादचं विमानही त्याच दिवशीचं. या योजनेत विमान कंपनीला तोटा भरून काढायला साधारण तीन वर्षं आर्थिक मदत मिळते. त्यानंतर मार्ग टिकायचा तर तो प्रवाशांच्या जोरावरच.

यातला धडा तुमच्यासाठी आहे. "आमच्या गावाहून थेट विमान आहे, आम्ही दर आठवड्याला येऊ शकतो," असा शब्द ग्राहकाला देण्याआधी ते विमान बंद झालं तर काय, याचं उत्तर तयार ठेवा. दुसरा रस्ता आणि त्याचा खर्च आधीच काढलेला असेल, तर दिलेला शब्द पाळता येतो. नवीन सप्लायरकडे विकायला भरवसाच तर असतो.

गृहपाठ

तुमचा सगळ्यात लांबचा ग्राहक निवडा आणि वहीत या पाच ओळी भरा:

१. हवाई अंतर आणि रस्त्याचं अंतर.
२. विमान, कार, रेल्वे: तिन्हींचा दारापासून दारापर्यंतचा वेळ.
३. तिन्हींचा पूर्ण खर्च, झीज आणि टॅक्सीसकट.
४. प्रत्येकात कामाचे किती तास बुडतात.
५. तुमच्या एका तासाची किंमत.

पाच ओळी भरून झाल्या की कसं जायचं, हे कुणाला विचारावं लागणार नाही. आणि पाचवी ओळ भरताना अडलात तर तिथेच थांबा. कारण ज्याला आपल्या तासाची किंमत माहीत नाही, त्याला मालाची किंमत ठरवणंही जड जातं. पुढच्या व्हिडिओत आपण तेच शिकणार आहोत.

भेटूया.